महिन्यातला एक शनिवार टेस्ट बेंच उघडा

प्रति,
मेकॅनिकल विभागप्रमुख,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्व अभियांत्रिकी महाविद्यालये.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझं लेथचं छोटं दुकान आहे. दोन लेथ, एक ड्रिल आणि एक शेपर, ज्याच्यावर आता फक्त डबे ठेवले जातात. आयटीआयला टर्नर ट्रेड केला, नऊ वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिलो आणि गेली बावीस वर्षं स्वतःच्या. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. तुमच्या लॅबमध्ये पंप तपासायचा जो टेस्ट बेंच आहे, तो महिन्यातल्या एका शनिवारी बाहेरच्या माणसासाठी उघडा. ज्याने स्वतःच्या डोक्याने एखादा पंप, मोटर किंवा बेअरिंग बनवलंय अशा माणसासाठी. त्याच्या यंत्राचे आकडे मोजा, एका कागदावर लिहा, खाली सही करा आणि कागद त्याच्या हातात द्या. बक्षीस नको, शाल-श्रीफळ नको. ‘ग्रामीण संशोधक’ म्हणून फोटो तर मुळीच नको.

हे माझ्या डोक्यात आलं ते अण्णांमुळे. अण्णा तासगाव भागातले, जळालेल्या मोटरींत नवी तार भरतात. जळालेली मोटर उघडून कशाने जळली हे वासावरून सांगतील असा माणूस. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून घेऊन आले. एक मोठा गोल, त्याच्या आत एका कडेला सरकवलेला लहान गोल, लहान गोलाला चार चिरा आणि चिरांत चार पाती.

“मिस्त्री, हे फिरलं की पाणी ढकलतंय का न्हाई, एवढंच सांगा.”

ढकलतं. गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप ज्याने कधी खोललाय त्याला हे ठाऊक असतं. माझी मुलगी डिप्लोमाला आहे. तिने मोबाइलवर शोधून दाखवलं की रामेली नावाच्या इटालियन इंजिनिअरने १५८८ साली असलाच पंप चित्रात काढून छापला होता. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “मग बरंच झालं की. चुकीचं न्हाई म्हणायचं.” कल्पना जुनी निघाली म्हणून खचणाऱ्यांतले ते नाहीत.

त्यांना हा पंप का हवा होता ते ऐका. विहिरीवरच्या साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाला, म्हणजे चाक फिरवून पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला, चालू करण्याआधी पोटात पाणी भरलेलं लागतं. सक्शन पाइपाच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो, ज्याला आमच्याकडचे शेतकरी सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. त्यात एक काटकी अडकली, एक चिपाड अडकलं की पाणी उतरून जातं. आणि वीज बऱ्याचदा येते रात्री. म्हणजे थंडीत रात्री एक वाजता बॅटरी तोंडात धरून, बादलीने पाणी ओतत, हवा निघेपर्यंत बसायचं. अण्णांच्या सख्ख्या मेव्हण्याचा विहिरीच्या कठड्यावरून असाच पाय घसरला होता. वाचला, पण अण्णांच्या डोक्यात ते बसलं. पात्यांचा पंप स्वतःच हवा ओढून टाकतो, बादली लागत नाही. त्यांना एवढंच पाहिजे होतं.

मग काम सुरू झालं. लाकडी पॅटर्न, त्यावरून बिडाची केसिंग ओतून आणली. आतलं बोअर शंभर मिलिमीटर, रोटर नव्वद, केंद्र पाच मिलिमीटर बाजूला. शाफ्ट ईएन-८ पोलादाचा, पाती हायलमची (राळेत दाबलेली कडक पट्टी), दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग. एका फेऱ्यात साधारण पाव लिटर पाणी. मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांच्या मोटरीवर सेकंदाला सहा लिटर यायला हवं होतं.

आता माझी चूक सांगतो. केसिंग चकमध्ये धरली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. त्या वेगाला पात्याची कड बिडावर सेकंदाला साडेसात मीटरने घासणार. पॉवर स्टिअरिंगच्या पंपात गाळलेलं तेल असतं. इथे विहिरीचं पाणी, त्यात बारीक वाळू. मी अण्णांना एकदाच हळू आवाजात म्हटलं, “झिजंल हो.” ते म्हणाले, “बघू की.” मी गप्प बसलो. त्या महिन्यात माझ्याकडे दुसरं काम नव्हतं आणि अण्णा रोख पैसे देत होते. पुढचे अकरा महिने ते बदल सांगत राहिले आणि मी करून देत राहिलो. एकूण ऐंशी हजार गेले त्यांचे. त्यातले एकतीस हजार माझ्या गल्ल्यात आहेत. हे पत्र लिहिण्यामागे ते एकतीस हजारही आहेत.

पहिली चाचणी माझ्याच दुकानामागे घेतली. दोनशे लिटरचं बॅरल, पाच एचपीची मोटर, प्रेशर गेज आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. मोटर चालू केली आणि काय सांगू, दहा-बारा फुटांवरनं पाणी आपोआप चढलं. बादली नाही, काही नाही. अण्णांनी गेटवरच्या चहावाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

दुसऱ्यांदा चालू करताना माझ्या हेल्परने सवयीप्रमाणे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद केला. सेंट्रिफ्यूगल पंप तसाच सुरू करतात, मोटरीवर लोड कमी येतो. पण पात्यांचा पंप पाणी मोजून ढकलतो. वाट बंद केली तर तो थांबत नाही, दाब चढत जातो आणि जे सगळ्यात कच्चं असेल ते फुटतं. आमच्याकडे होजची क्लिप कच्ची होती. पाइप सुटला, अण्णांच्या कानाजवळून गेला आणि टूल बिट ठेवायची फळी खाली पाडून थांबला. चहाचे ग्लास, बिट, आम्ही, सगळे भिजलेले. सेफ्टी व्हॉल्व्ह लावायला हवा होता हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ते माहीत असेल.

मग व्हॉल्व्ह बसवून, गेजवर तीन किलो दाब धरून, म्हणजे तीस मीटर उंच पाणी चढवण्याइतक्या हेडला, मोजलं. बॅरल बावन्न सेकंदांत भरलं. हिशोबाने तेहतीसला भरायला हवं होतं. बाकीचं पाणी पात्यांच्या कडांवरून आणि बाजूच्या फटींतून आतल्या आत मागे फिरत होतं. दोन दिवसांत मिळून सहा तास चालवला आणि पुन्हा मोजलं तर पंचाऐंशी सेकंद. खोलला. बिडाच्या आतल्या अंगावर लाटा उठलेल्या, कपडे धुवायच्या दगडावर टाके घालतात तशा. बोट फिरवलं की करकर लागत होतं.

त्या लाटा बघून मुलीने मला माझदाची गोष्ट वाचून दाखवली. जर्मनीच्या फेलिक्स वँकेलने पिस्टन वर-खाली न करता गरगर फिरणारं इंजिन काढलं. पहिलं १९५७ साली चाललं. त्या माणसाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. एनएसयू कंपनीने ते इंजिन घालून १९६७ साली आरओ-८० गाडी काढली आणि सील झिजून इंजिनं परत यायला लागली. जपानमध्ये त्याच जातीचं इंजिन करणाऱ्या माझदाच्या लोकांनाही केसिंगच्या आत असेच ओरखडे दिसले. ‘सैतानाची नखं’ म्हणायचे ते त्यांना. तिकोनी रोटरच्या टोकावरचं सील फिरताना थरथरतं आणि पृष्ठभाग ओरबाडतं, हे शोधायला एक पूर्ण टीम बसली. सीलच्या आत उभं-आडवं भोक पाडून ती थरथर मोडली, नंतर मालही बदलला. १९९१ साली ल मॅन्सची चोवीस तासांची शर्यत ह्याच जातीच्या इंजिनाने जिंकली.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “त्यांच्याकडं थरथर मोजायचं यंत्र आसंल न्हवं?”

गोल पिस्टनला गोल रिंग बसवणं सोपं. फिरत्या यंत्रात सील म्हणजे एक रेघ असते, आणि रेघेने पाणी अडवायचं. जगातले मोठमोठे लोक तिथेच अडकले. अण्णाही तिथेच अडकले. फरक एवढाच की आपण नेमके कुठे अडकलोय हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

नाही, एक जण होते. अण्णा तो पंप गोणपाटात गुंडाळून एका कॉलेजात घेऊन गेले होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या कॉलेजशी नाही. पहिल्या खेपेला गेटवरून परत. दुसऱ्या खेपेला “ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग आणा.” तिसऱ्या खेपेला एका सरांनी पत्रिकेवरचं चित्र बघितलं आणि म्हणाले, “लाइन कॉन्टॅक्टवर सीलिंग आहे, टिकणार नाही.” पाच मिनिटांत अण्णा बाहेर.

सर बरोबर होते हो! शंभर टक्के बरोबर. आम्हाला जे अकरा महिन्यांनी कळलं ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. पण अण्णांनी घरी काय नेलं? “त्या सायबानं पंपाला हातबी लावला न्हाई.” काचेतून त्यांना आतला टेस्ट बेंच दिसत होता. त्यावर कॉलेजचाच जुना पंप, आणि चार पोरं वहीत रीडिंग लिहीत होती. ती रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली असतात की नाही ते तुम्ही जाणे. आम्ही आयटीआयला उतरवायचो.

तोंडी ‘नाही’ ऐकलेला माणूस इरेला पेटतो. दोनशे लिटरचं बॅरल बावन्न सेकंदांवरून पंचाऐंशीवर गेलेलं स्वतः बघितल्यावर अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मिस्त्री, वेग कमी करू. आन् पाती रबराची.” आकड्याने ‘नाही’ म्हटलं की माणूस पुढचा विचार करतो. मी स्वतः बघितलंय म्हणून सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपल्याकडे प्रत्येक उद्घाटनात घेतलं जातं, म्हणून मी टाळणार होतो. पण एक गोष्ट लिहायचीच आहे. मुंबईत ड्रॉइंग शिकवणारा हा मास्तर १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर आला, तोवर नांगर करायला लागला होता. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे. तरी तो नांगर शेवटी खपला, कारण नांगराची परीक्षा उघड्यावर होते. तास किती खोल गेलं ते बांधावरून दिसतं. पंपाचं तसं नाही. धो धो पाणी पडताना दिसतं आणि मोटर दुप्पट वीज खात असते. किर्लोस्करवाडीत १९२६ पासून पंप बनताहेत, आणि पंप बनवणारा कुठलाही मोठा कारखाना टेस्टिंगशिवाय माल बाहेर सोडत नाही. आमच्यासारख्यांनी कुठे जायचं?

विजेवरून आठवलं. गेल्या वर्षी एक तरुण पोरगा मोटर घेऊन आला होता. म्हणाला, माझी मोटर निम्मी वीज खाते, क्लॅम्प मीटरने बघा. बघितलं, अँपिअर खरंच उतरले होते. मीही चकलो. मग लक्षात आलं, त्याने कपॅसिटर लावला होता. पॉवर फॅक्टर सुधारला, तारेतला करंट कमी झाला, पण मोटर खरं काम तेवढंच करत होती आणि युनिट तेवढेच पडत होते. शेतीच्या कित्येक जोडण्यांना मीटर नाही, बिलाचा हिशोब एचपीवर होतो, त्यामुळे युनिट कोण बघतो? त्या पोराने बँकेत कर्जाचा अर्ज टाकला होता. तुमच्याकडे किलोवॅट दाखवणारं मीटर आहे. दहा मिनिटांचं काम होतं.

अशा लोकांत निम्मे चुकीचे निघतील, हे मला मान्य आहे. एक गृहस्थ लोहचुंबकाचं चाक घेऊन येतात, बिनविजेचं कायम फिरणारं. माझ्याकडे तीनदा आलेत. तिसऱ्यांदा मी म्हटलं, शाफ्टला दोरी बांधा आणि पाच किलोचं वजन वर उचलून दाखवा. रागावून गेले. त्यांनाही तुमच्याकडे येऊ द्या. त्यांची बायको मला रस्त्यात भेटते तेव्हा माझ्याकडे बघत नाही, कारण त्या चाकाचे सगळे बुश मी टर्न करून दिलेत.

पण उरलेले निम्मे? अण्णांचीच दुसरी गोष्ट सांगतो. ती मला पंपापेक्षा मोठी वाटते.

बोअरच्या सबमर्सिबल मोटरीच्या तळाला थ्रस्ट बेअरिंग असतं. पंपाचा सगळा खालचा रेटा त्याच्यावर. त्यात बॉल नाहीत, ग्रीस नाही. पोलादाची छोटी छोटी पॅडं, त्यांच्यावर कार्बनची चकती, आणि भोवती मोटरीतलं पाणी. अण्णांनी अशा शेकडो मोटरी उघडल्या. एकदा दोन पॅडं माझ्या टेबलावर ठेवली. एक आठ वर्षं चाललेल्या मोटरीचं, आरशासारखं. दुसरं आठ दिवसांत जळालेल्या मोटरीचं, काळं पडलेलं आणि खरवडलेलं. “ह्ये आठ वर्सं एवढं ओझं घेऊन झिजलं का न्हाई? आन् ह्ये आठ दिसांत का गेलं?” दुसऱ्या मोटरीत पाणी न भरताच ती बोअरमध्ये सोडली होती, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. पण पाणी असलं की झिजत का नाही, हे त्यांना उमगेना. मलाही नाही.

ह्याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्युचँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग टेस्ट बेंचवर तपासत होता. तेल सोडायला त्याने वरच्या पितळेला भोक पाडलं, तर तेल आत जायचं सोडून वर येऊन सांडायला लागलं. बूच मारलं, ते बाहेर. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी गेज लावलं तर काटा दोनशे पौंडांच्या पलीकडे. फिरणारा आस स्वतःच तेल फटीत ओढून दाब तयार करत होता आणि सगळं ओझं त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत होतं. तीन वर्षांनी ऑसबोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. पुढे ऑस्ट्रेलियात मिचेलने आणि अमेरिकेत किंग्सबरीने ते वापरून किंचित कलणारी पॅडं केली, म्हणजे प्रत्येक पॅडाखाली तेलाची पाचर आपोआप बसते. तीच पॅडं आज जतच्या बोअरमध्ये पाण्यावर तरंगताहेत.

टॉवर ते शोधायला निघाला नव्हता. भोक पाडलं म्हणून सापडलं. तुमच्याकडे रेनॉल्ड्सचं गणित आहे आणि अण्णांकडे दोन्ही पॅडं आहेत. तासगाव आणि तुमची लॅब ह्यांच्यात फार तर काही तासांचा एसटीचा प्रवास आहे.

तुम्ही म्हणाल वेळ नाही, मान्यतेची कागदपत्रं आहेत, अपघात झाला तर कोण जबाबदार. म्हणून सुचवतो. फुकट करू नका, पाचशे रुपये घ्या. फुकट ठेवलंत तर लोहचुंबकवाले दर महिन्याला येतील. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला पंप बेंचवर चढवू नका. काम शेवटच्या वर्षाच्या पोरांना द्या, त्यांना निदान एकदा तरी अशी रीडिंग मिळतील जी गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये नाहीत. मोजायचं काय? हेड, पाणी, फेरे आणि किलोवॅट. आणि तेच सहा तासांनी पुन्हा. हे दुसऱ्यांदा मोजणं विसरू नका, सगळं दुखणं तिथेच असतं. सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट आम्ही मागत नाही.

चोरीची भीती हा मोठा अडसर आहे. अण्णा पंप गोणपाटातून काढायला तयार नसतात ते त्यामुळेच. पण वरचे चार आकडे मोजायला पंप खोलावा लागतच नाही! पाणी कुठून आत जातं, कुठून बाहेर येतं आणि शाफ्ट कुठे जोडायचा, एवढं दिसलं की झालं. केसिंगचे बोल्ट त्याने सील करून आणले तरी चालतील. ज्याला पेटंट करायचंय त्याने आधी प्राथमिक अर्ज करावा. एकट्या माणसाला ऑनलाइन १,६०० रुपये फी आहे आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत त्याला खरी गरज आकड्यांचीच असते. अर्ज न करता आधी गावभर दाखवलं तर नवेपणच जातं, हे त्याला तुमच्याकडच्या कोणीतरी गेटवरच सांगितलं तर आणखी बरं.

अण्णांचा नवा रोटर माझ्याकडे तयार आहे. वेग सातशेवीस, पाती रबराची, बिडाच्या आत स्टेनलेसची बाही ठोकलेली. ह्या वेळची मजुरी मी घेतलेली नाही. ग्रीस लावून धोतराच्या फडक्यात गुंडाळून शेपरवर ठेवलाय. मी तो इथे चालवून बघितलेला नाही, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत बघणारही नाही. कोणत्या शनिवारी आणू ते कळवा. बॅरल आम्ही आमचं आणतो.

आपला,
कुपवाडचा एक टर्नर